बारा प्रवासी आणि नंदाताई

आमच्या बेडोकच्या ब्लॉकमध्ये सध्या अशी बातमी आहे, की सातव्या मजल्यावरच्या नंदाताईंनी इटलीत भर दुपारी आपल्या व्याह्यांची बॅग व्हेनिसच्या कालव्यात फेकून दिली. बातमी लिफ्टने खाली उतरता उतरता बॅगेत व्याह्यांची कवळीही येऊन पडली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत तर नंदाताईंना पोलीस होडीत बसवून घेऊन गेले होते.

मी नंदाताईंच्या समोरच्या दारात राहतो. ब्लॉकमधल्या निम्म्या बातम्या माझ्याच दारातून सुटतात हे मी नाकारत नाही, पण ही माझी नव्हे, आणि खरीही नव्हे. व्याह्यांची बॅग सुखरूप आहे. ती नंदाताईंनीच सांभाळली. एक नाही, बारा जणांच्या बारा बॅगा सांभाळल्या, आणि त्याही व्हेनिसला नाही, त्याच्या अलीकडे पादोवा म्हणून गाव आहे तिथे, बागेतल्या एका बाकावर बसून. फेकल्या असत्या तर मला हे लिहावं लागलं नसतं.

नंदाताई मूळच्या नाशिकच्या. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्या त्यांच्या मुली आता स्वतः आज्या व्हायला आल्यात. यजमान गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, मुलाने त्यांना इकडे परदेशात, बेडोकला, आणलं. रुचिर एका बँकेत आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आईचा इथे राहायचा पास त्याच्याच नावावर निघतो आणि त्याच्याच सहीने वाढतो. तेव्हापासून नंदाताईंची सकाळ गार्गीच्या, म्हणजे नातीच्या, डब्याने सुरू होते आणि मधे पोळ्या, इस्त्री, मार्केट, क्लासला ने-आण असं करत संध्याकाळच्या भाजीपर्यंत पोचते. दुपारी तासभर मिळाला तर त्या कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून समोरच्या ब्लॉकवर वाळत घातलेले कपडे रंगवतात. मी एकदा म्हटलं, ताई, लोकांच्या चड्ड्या काय रंगवताय. त्या म्हणाल्या, तुझी सोडून सगळ्यांची जमली, तुझीला रंगच उरला नाही.

अशी बाई. जिभेला धार आणि हाताला काम, दोन्ही कायमचं.

शाळेत रंगांचा धडा सुरू करताना त्या फळ्यावर एक चित्र टाचायच्या. पादोव्यातलं छोटंसं चर्च. जोत्तो नावाच्या चित्रकाराने सातशे वर्षांपूर्वी आतून भिंतच्या भिंत रंगवलेलं, वर निळं छत, छतावर सोनेरी चांदण्या. अशी तीन चित्रं त्यांच्याकडे होती, तीन मासिकांतून कापलेली, आणि तिन्हींतला निळा वेगळा. एकात हिरवट, एकात जांभळट, एकात दौतीतल्या शाईसारखा. मुली विचारायच्या, बाई, यातला खरा कुठला? नंदाताई सांगायच्या, बघून आले की सांगते. मुली हसायच्या. एकतीस वर्षं तेच उत्तर आणि तेच हसू.

म्हणून फेब्रुवारीत, त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला, रुचिरने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, आई, तुला इटली, तेव्हा त्या केक तसाच टाकून आमच्याकडे आल्या. माझी बायको सुचित्रा कणीक मळत होती. तिच्या कणकेच्या हातांना धरून नंदाताई रडल्या. पाकिटातलं पत्रक मीच मोठ्याने वाचून दाखवलं. शिरीष नावाचा आपलाच एक माणूस इथल्या मराठी मंडळींसाठी निवडक टूर काढतो, त्याचं ते पत्रक. फक्त बारा प्रवासी. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, पादोवा, व्हेनिस. म्युझियम बंद झाल्यावर आपल्यापुरतं उघडणार. कुत्री बरोबर घेऊन जंगलात ट्रफल, म्हणजे जमिनीखालची महागडी अळंबी, शोधायची. बोलोन्यात शेफकडून पास्ता शिकायचा. आणि पादोव्यात ते चर्च, अगोदर नावं देऊन, पंधरा मिनिटं. पादोव्याच्या ओळीवर नंदाताईंनी मला दोनदा थांबवलं.

त्यानंतर तीन महिने बाई बेडोकच्या लायब्ररीत. मांडीवर मावणार नाहीत अशी पुस्तकं आणायच्या, कुठल्या गावात कुठल्या भिंतीसमोर उभं राहायचं ते वहीत लिहायच्या. मी विचारलं, गाइड आहे ना टूरवर? म्हणाल्या, गाइड सांगेल राजा कोण होता, मला बघायचंय चुना कसा लावलाय.

मग मे उजाडला आणि रुचिरने घरी एक इंडक्शनची शेगडी आणि छोटा कुकर आणला. थोडंसं लागेल तिथे, म्हणाला. थोडंसं म्हणजे लिटिल इंडियातून तांदूळ, तूरडाळ, पोहे, मेतकूट, गोडा मसाला, कोकम आणि थालीपिठाची भाजणी. सगळं नंदाताईंच्याच बॅगेत. वजन मर्यादेत बसेना म्हणून त्यांनी दोन साड्या आणि ती वही काढली. वही पाठ आहे, म्हणाल्या. मी दारात उभा राहून विचारलं, ताई, इटली बघायला निघालात की तिथे रेशनचं दुकान टाकायला? त्या हसल्या. मीही हसलो. त्या बॅगेत काय भरलं जातंय ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि मी तर स्वतःला फार हुशार समजतो.

पुढचं मला तीन तोंडांनी कळलं. नंदाताईंनी सांगितलं ते कमी, त्यांच्या सुनेने, चैत्रालीने, सुचित्राजवळ बोलून टाकलं ते जास्त, आणि गार्गीने लिफ्टमध्ये सांगितलं ते सगळ्यात खरं.

रोमचे दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सला चैत्रालीच्या वडिलांनी, निशिकांतरावांनी, ट्रफल हुंगून जाहीर केलं की याला गॅस गळतीचा वास येतो. निशिकांतराव बँकेतून निवृत्त झालेत, इथेच यिशुनला मुलाकडे असतात, आणि जगात कुठेही गेले तरी तिसऱ्या दिवशी त्यांना वरणभात लागतो. त्यांनी तोंड उघडलं आणि उरलेल्यांची हिंमत वाढली. प्रत्येक मुक्कामी रुचिरने स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन ठेवलीच होती. म्युझियम खास उघडलं त्या संध्याकाळी नंदाताई खोलीवर होत्या, कारण मंडळी परत येईपर्यंत कुकर व्हायला हवा. बोलोन्यात सगळ्यांनी हाताने पास्ता केला, त्याचे फोटो काढले, तो तिथेच ठेवला आणि खोलीवर येऊन पिठलं मागितलं. ट्रफलच्या जंगलात जायच्या दिवशी थालीपिठं होती. नंदाताईंना दर वेळी वाटलं, आजचाच दिवस. माणूस आपल्या मुलाबद्दल किती दिवस असं वाटून घेऊ शकतो याला काही मोजमाप नाही.

पादोव्याला त्या पहाटे उठल्या. दुपारच्या जेवणापर्यंतचं सगळं साडेनऊला करून झाकून ठेवलं. निशिकांतरावांचं पोट बिघडलं होतं, त्यांना मऊ भात आणि कढी वेगळी दिली. मग राखून ठेवलेली निळ्या काठाची साडी नेसून त्या सगळ्यांच्या आधी खाली येऊन उभ्या राहिल्या. चर्चपर्यंत चालत गेले सगळे. रुचिर म्हणे वाटेत दोनदा फोनवर होता आणि आईच्या बाजूने चालला नाही.

दाराशी गाइड, एक तरुण इटालियन मुलगी, कागदावरची नावं वाचायला लागली. नाव आलं की पुढे व्हायचं. बारा नावं झाली. बारा माणसं पुढे झाली. नंदाताई पर्समधला चष्मा डोळ्यांवर चढवून थांबल्या होत्या. गाइडने कागद उलटा केला, सुलटा केला. गार्गी तिच्या कोपराखालून कागदात डोकावली आणि सरळ वाचून मोकळी झाली.

"आजी, you are not inside the list lah. You are down here. Crew."

खाली खरंच एक वेगळी ओळ होती. बसचा ड्रायव्हर, गाइड आणि स्वयंपाकी. शिरीषला रुचिरने फेब्रुवारीतच कळवलं होतं की आई प्रवासी म्हणून नको, स्वयंपाकाच्या माणसात धरा. पाकीट वाढदिवसाला दिलं ते त्याच्यानंतर.

जास्तीचं तिकीट मिळेना, त्या दिवसाच्या सगळ्या वेळा भरलेल्या. गाइड बिचारी लाल झाली. ती रुचिरला म्हणाली, मी बाहेर थांबते, माझ्या जागी यांना सोडा. रुचिर म्हणाला, मग आम्हाला आत समजावून कोण सांगणार? हे तो त्या बाईदेखत म्हणाला, जिने नाशिकच्या हजारभर मुलींना ती भिंत समजावून सांगितली होती. त्या बारा जणांत व्याही होते, मुलगा होता, सून होती. पंधरा मिनिटांची आपली जागा सोडावी असं एकाच्याही मनात आलं नाही. चैत्राली रडून सुचित्राला सांगत होती, मला सुचलंच नाही हो त्या वेळी. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. मला तिचा राग आला नाही. आमच्या मजल्यावर गणपतीचे एकशे एकवीस मोदक कोण करतं आणि आरती संपेपर्यंत कोण गॅसपाशी उभं असतं, ते मला आठवलं. आम्हालाही कधी सुचलं नाही.

रुचिरने आईला एवढंच सांगितलं की पंधरा मिनिटांचं तर काम आहे, आत सगळं उभ्याने बघायचं, तुझे पाय दुखतील. आत बॅगा न्यायच्या नव्हत्या. निशिकांतरावांनी आपली बॅग बाकावर ठेवली आणि म्हणाले, विहीणबाई आहेतच. मग बाकीच्या अकरांनीही ठेवल्या.

आत हवा बेताची राहावी म्हणून आधी पंधरा मिनिटं एका खोलीत बसवतात, मग पंधरा मिनिटं चर्च. म्हणजे अर्धा तास. बारा बॅगा, दोन छत्र्या, एक निशिकांतरावांची हॅट आणि नंदाताई.

बाहेर आल्यावर चैत्रालीने फोन पुढे केला, आई, हे बघा छत. रुचिरनेही आपला दाखवला. निशिकांतराव म्हणाले, माझ्यात जास्त चांगला आलाय. नंदाताईंनी तिन्ही फोन हातात घेऊन शेजारी शेजारी धरले. तिन्हींतला निळा वेगळा होता. त्यांनी फोन ज्याचे त्याला परत दिले, हॅट परत दिली आणि म्हणाल्या, चला, भात गार होईल.

हे मात्र त्यांनी स्वतः मला सांगितलं, कॉरिडॉरमध्ये, कपडे काठीवर घालताना. मी माझ्या सवयीने काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी मला चिमटे द्यायला लावले.

व्हेनिसला कालवे होते, होड्या होत्या आणि शेवटचं उरलेलं पोह्यांचं पाकीट होतं. बॅग कोणी कुठे फेकली नाही.

इथे आल्यावर महिन्याभराने, रविवारी, शिरीषने त्याच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये गेट-टुगेदर ठेवलं. टूरचे फोटो आणि पुढच्या टूरची जाहिरात, असा दुहेरी बेत. आम्हाला पुढचं गिऱ्हाईक म्हणून बोलावलं होतं. नंदाताई मागच्या रांगेत, सुचित्राच्या शेजारी. रुचिर त्यांच्या बाजूला हाताची घडी घालून उभा.

पडद्यावर दोनशे फोटो झाले. रोमच्या पायऱ्या, फ्लॉरेन्सचा पूल, पास्त्यात हात घातलेले निशिकांतराव. दोनशेंत नंदाताई एकदा आल्या, त्याही पाठमोऱ्या, शेगडीपाशी. खाली अक्षरं होती, 'आमची अन्नपूर्णा'. टाळ्या पडल्या. निशिकांतराव उठून म्हणाले की विहीणबाई नसत्या तर माझी हाडंच परत आली असती. आणखी टाळ्या. चैत्राली जमिनीकडे बघत बसली.

मग शिरीषने पुढच्या वर्षीचं पत्रक वाटलं. सिसिली आणि नेपल्स. तेवढीच चित्रं, तेवढीच म्युझियमं, आणि या वेळी सगळ्यात वर, ठळक छापलेलं, 'रोज घरच्या चवीचं मराठी जेवण'. छापून झालेलं होतं. ज्यांच्या हातची ती चव, त्यांना ते आमच्याबरोबरच कळत होतं. शिरीष हॉलच्या मधून चालत मागच्या रांगेपाशी आला आणि खाली वाकून, अगदी अदबीने, म्हणाला की नंदाताई, तुमच्याशिवाय आता टूर होणे नाही, या वेळी वीस जण आहेत, येणार ना? रुचिर हसून म्हणाला, येईल हो, आईला इटली फार आवडली.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. नंदाताईंनी पत्रकाची नीट घडी घातली, शिरीषच्या हातात परत दिली आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या,

"मी आधीच एका घरी कामाला आहे. हे शेजारी उभे आहेत ते मालक. सुट्टी देतात का, त्यांना विचारा."