दादाच्या पुस्तकातली सातवी चूक

निवृत्तीच्या पत्रिकेवर 'हार-तुरे नकोत, पुस्तकं आणावीत' असं छापायची अवदसा मला आठवली आणि त्रेचाळीस पुस्तकं घरात येऊन पडली. आमच्या कराडात हल्ली ही पद्धतच झालीय. पण पुस्तक द्यायचं म्हणजे विकत आणायचं असं थोडंच आहे? ज्याच्या त्याच्या घरात आधीच्या सत्कारांचा ढीग असतो. त्यातलं वरचं उचलायचं, कागद गुंडाळायचा आणि पुढं ढकलायचं. एका पुस्तकावर कुणा डॉक्टरांना नव्या दवाखान्याच्या शुभेच्छा होत्या. दुसरं उघडलं तर पहिल्या पानावर माझंच अक्षर! तीन वर्षांपूर्वी मीच शाळेतल्या एका बाईंना दिलेलं, कोरं करकरीत, पान न उलटता माझ्याकडं परत आलं होतं.

मी मराठीची मास्तरीण. पस्तीस वर्षं पेपर तपासले, त्यामुळं हातात लाल पेन असल्याशिवाय मला वाचता येत नाही. ठरवलं, सगळी वाचायची आणि शेवटच्या पानावर दहापैकी मार्क द्यायचे. आमच्या ह्यांनी मला धर्माच्या गाईची आणि तिच्या दातांची म्हण ऐकवली. मी म्हटलं, गाय निदान दूध तरी देते.

यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या एकाच पुस्तकाच्या चार प्रती निघाल्या. पहाटे पाचला उठा, म्हणे, आयुष्य बदलेल. अरे बाबा, मी जन्मभर पाचला उठले. झाडलोट केली, डबे भरले, एसटीमागं पळाले. बदललं काय, तर गुडघे. दहापैकी एक, तोही चांगल्या कागदाला.

मग सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. तिच्यात कुणी साधं बोलतच नाही, सगळे गरजतात. ह्या पानावर तलवार उपसली, त्या पानावर म्यान केली. गड चढताना कुणाला धाप लागत नाही, कुणाच्या पायात काटा मोडत नाही. मी लहानपणी मेंढरांमागं डोंगर चढलेली बाई आहे. चढावर माणसाचं तोंड बंद होतं, भाषणं सुचत नाहीत. दोन मार्क.

कवितासंग्रह तर अकरा होते. पानावर पाच ओळी आणि बाकी पान मोकळं. त्या पाच ओळींतही तू, मी आणि चांदणं. रहस्यकथेतला खुनी मी विसाव्या पानावर पकडला, लेखकाला मात्र दोनशे पानं लागली. पाककृतीच्या पुस्तकात बाजरीची भाकरी प्लास्टिकच्या दोन कागदांत ठेवून लाटायला सांगितलीय. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि भाकरी थापायला उठले.

बरं निघालं ते एकच, मेंढ्यांच्या रोगांवरची पातळ पुस्तिका. कुणी घाईत चुकून गुंडाळलेली असणार. तिच्यात एका रोगाखाली लेखकानं सरळ लिहिलं होतं, ह्यावर खात्रीचा इलाज मला माहीत नाही. एवढं एक वाक्य बाकीच्या बेचाळिसांत कुणी लिहिलं नव्हतं. तिला मी नऊ दिले.

याच सुमारास सांगलीहून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून तो निवृत्त झालेला. त्यानं आत्मचरित्र लिहिलं होतं, छापूनही झालं होतं. पंधरा दिवसांनी सांगलीत प्रकाशन होतं आणि त्यात मी चार शब्द बोलावेत, असं त्याचं म्हणणं. पुस्तक दुसऱ्याच दिवशी कुरिअरनं आलं. हे मात्र मी पेन बाजूला ठेवून वाचायला घेतलं.

आम्ही पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातले मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठी उतरायचं, रात्री शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी फिरायचं. दादानं ते झकास लिहिलं होतं. आईच्या हाताचा वास, पालातली थंडी, सगळं. पहिली साठ पानं मी रडत वाचली, खोटं कशाला बोलू.

एकसष्टाव्या पानावर हे होतं: 'धाकट्या बहिणीचं मन शाळेत कधी रमलं नाही. तिला मेंढरांचाच लळा. मी वसतिगृहात गेलो, तशी तिनं आनंदानं माझी काठी हातात घेतली.'

आनंदानं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पाचवीत होते, वर्गात पहिली होते. दादा सांगलीला वसतिगृहात गेला आणि मेंढरांमागं एक माणूस कमी पडलं, म्हणून दिवाळीनंतर आमचे वडील, आप्पा, मला न्यायला शाळेत आले. मी वर्गाच्या खिडकीचा गज धरून बसले. आप्पांनी माझं एकेक बोट सोडवलं. गुरुजी बघत होते, पोरं हसत होती. दोन वर्षं मी रानोमाळ हिंडले. त्यानंतर त्याच गुरुजींनी आप्पांचे पाय धरले, तेव्हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पोरींच्या रांगेत मला परत बसवलं. पुढची सगळी शाळा मी 'थोरली' म्हणून काढली.

मी पेन घेतलंच. पुस्तकात सात चुका सापडल्या. आमची मेंढरं दीडशे नव्हती, साठ होती. विहीर वरच्या वस्तीवर नव्हती, खालच्या होती. अशा सहा, आणि सातवी ही. यादी दादाला पाठवली. चार दिवसांत त्यानं शुद्धिपत्र छापून घेतलं आणि मोठ्या कौतुकानं त्याचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. मी मोजलं. सहाच होत्या.

फोन केला, तर म्हणाला, ती कुठं चूक हाय? मी तवा सांगलीला व्हतो, आप्पांनी मला तसंच सांगितलं व्हतं. आणि तुझ्याबद्दल वंगाळ काय लिवलंय का, उलट लळा म्हटलंय. मी फोन ठेवून दिला. जाऊच नये असं वाटत होतं. ह्यांचंही म्हणणं तेच पडलं, दोघांचं वय झालं, आता कशाला उकरतेस. पण मी गेले नसते, तर माझ्या त्या दोन वर्षांबद्दल एकसष्टावं पान तेवढंच खरं ठरलं असतं.

सभागृह गच्च भरलं होतं. शाली झाल्या, श्रीफळं झाली, मला दादाच्या शेजारची खुर्ची मिळाली. माझं नाव पुकारल्यावर मी उठले. पहिल्या साठ पानांची स्तुती केली, मनापासून केली. मग म्हणाले, "पुस्तकासोबत शुद्धिपत्र आहे. त्यात सहा चुका दिल्यात, सातवी राहिलीय. पान एकसष्ट. मला शाळा आवडत होती. मला कुणी विचारलं नव्हतं."

एवढं बोलून मी खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते सगळ्यालाच वाजवतात. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घाईघाईनं माईक ओढून प्रमुख पाहुण्यांची ओळख सुरू केली.

दादा समोरच बघत होता. आता हा चारचौघांत शोभा केलीस म्हणणार, असं मी धरून चालले होते. उत्तरही तयार ठेवलं होतं.

"मला म्हाईत व्हतं," तो हळूच म्हणाला. "उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं सांगितलं व्हतं. गजाचं पण."

साठीला आलेली बाई मी, भर व्यासपीठावर माझा आवाज फाटला. मी विचारलं, मग लिहिलं का नाहीस?

"ते लिवलं असतं," दादा म्हणाला, "तर म्होरलं सगळं मी एकट्यानं केलं, असं कसं लिवलं असतं?"

पाहुणे माईकपाशी आले. पाठीशी कुणी नसताना हा माणूस केवळ स्वतःच्या बळावर इथवर आला, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि दादानं त्यांना हात जोडले.