सेमिनारनंतरचा चहा

विद्वान माणसं भांडत नाहीत, चर्चा करतात, असं मला कामाला लागताना एकानं सांगितलं होतं. तो स्वतः तिथं कामाला नव्हता, म्हणून त्याला माफ. भौतिकशास्त्राच्या त्या संस्थेत मी पुष्कळ वर्षं कॅन्टीन चालवलं. प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत. कागद, खडू आणि फळे एवढ्यावर सगळं चालायचं. हाताला दुसरं काही नसलं की माणसं एकमेकांवर घसरतात, असं माझं मत तेव्हा झालं आणि ते अजून बदललेलं नाही.

घसरायची जागा म्हणजे सेमिनार. दर आठवड्याला कोणीतरी तासभर फळ्यावर आपलं काम मांडायचं आणि ऐकणाऱ्यांनी वाटेल तिथं मधेच थांबवायचं, अशी तिथली रीत. मधे तोडणं हा उद्धटपणा नाही, तो मान आहे, हेही मला समजावून झालं. बरं. आमच्या कसब्यात कीर्तनकाराला असा मान कोणी दिला असता, तर त्याला चपला हातात देऊन देवळाबाहेर काढला असता.

दुसऱ्या रांगेत एक मोठे सर बसायचे. डोळे मिटून बसायचे. फळ्यावर पहिली ओळ पडली की डोळे उघडायचे आणि विचारायचे, हे तुम्ही कशावरून धरून चाललात? उत्तर दिलं की त्या उत्तरावर प्रश्न. आता, ज्याला खरंच जाणून घ्यायचं असतं तो उत्तर ऐकतो. सर मात्र उत्तर चालू असताना घड्याळ बघायचे. तास संपला की मी दाराशी जाऊन उभी राहायची. अध्यक्ष मला बघून म्हणायचे, चहा तयार आहे, उरलेलं चहावर बोलू. सगळे उठायचे. उरलेलं चहावर कधीच कोणी बोलत नसे. चहावर फ्लॅटचे भाव आणि परदेशाचे दौरे. फळ्यावर राहिलं ते राहिलं.

तिथं एक मुलगी होती, विश्रांतवाडीची. पीएचडी तिथंच केली, पाच वर्षं माझ्याच हातचं जेवली, मग परदेशी गेली. संस्थेत जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं तिला पुण्यातच नोकरी हवी होती, आणि तिच्या विषयाची दुसरी नोकरी काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. अशा जागेसाठी आधी सेमिनार द्यावा लागतो. निवड समिती समोर बसून ऐकते.

आदल्या दिवशी ती जेवायला आली. घास कमी, बोलणं जास्त. "काकू, एकच हिशेब मी दोन वेगवेगळ्या वाटांनी केलाय," म्हणाली. "दोन्हीकडून तेच उत्तर आलं तरच तो खरा. दुसरी वाट शेवटच्या फळ्यावर आहे." मला एवढं कळलं. याहून जास्त कळल्याचा दावा मी करत नाही.

त्याच दुपारी मोठे सर समितीतल्या दुसऱ्या एका सरांना घेऊन उपमा खायला आले. त्यांचा स्वतःचा एक विद्यार्थी त्याच जागेच्या रांगेत होता, हे झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं. प्लेट उचलता उचलता ते म्हणाले, "ती दुसऱ्या फळ्याच्या पुढं जात नाही, बघाच तुम्ही. काम अर्धवट, असा शेरा मारायचा. प्रश्न मिटला." उपमा वाढणाऱ्या बाईला कान नसतात, अशी त्या इमारतीत समजूत होती.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगून तिची झोप घालवण्यापलीकडं काय झालं असतं?

सेमिनार सुरू झाला. हॉलच्या मागच्या दाराला लागूनच माझी चहा करायची खोली, आणि ते दार मी फटीएवढं उघडं ठेवलं होतं. पहिल्या ओळीलाच प्रश्न आला. तिनं नीट उत्तर दिलं. मग त्यावर प्रश्न. पुसून पुन्हा लिही, पुन्हा थांब. तिचा आवाज सुरुवातीला ठणठणीत होता, तो बारीक होत गेला. बाकीचे सगळे शहाणे गप्प. तास भरत आला तेव्हा मी फटीतून बघितलं, ती दुसऱ्या फळ्यावरच होती.

मी आधण ठेवलंच नाही.

तास संपला. अध्यक्षांनी दाराकडं बघितलं, तिथं मी नाही. चहाशिवाय सेमिनार कसा संपवायचा हे त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. चहा येईपर्यंत चालू द्या, असं ते म्हणाले. मोठ्या सरांनी आणखी दोन प्रश्न काढले, मागं वळून बघितलं, चुळबुळ केली, आणि शेवटी स्वतःच उठून माझ्याकडं आले.

"बाई, चहा कुठाय?"

"व्हायचाय."

"का?"

"ठेवला नाही म्हणून."

त्यांनी कोरड्या पातेल्याकडं बघितलं. "वेळ झालेली कळत नाही तुम्हाला?"

"मला कळते. थांबायची वेळ न कळणारे वेगळे."

आणि तेवढ्यात माझ्या कानाला जाणवलं की आत खडू भराभर चालतोय. अडवणारं कोणी नाही. अडवणारा माणूस माझ्यासमोर उभा होता.

भांडण लांबवायला मला कोणी शिकवायला नको, मी सार्वजनिक नळावर वाढलेली बाई. आणि सरांची खोड मला पाठ होती: समोरच्याचं वाक्य खोडल्याशिवाय त्यांचा पाय हलत नसे. मी त्यांना वाक्यं पुरवत गेले. तुमच्या खोलीत कपांना बुरशी येते, म्हटलं. ते म्हणाले, कप माझे नाहीत. माझ्या उपम्याला तुम्ही लेई म्हणालात. म्हणाले, मी फक्त तुलना केली होती. बिनसाखरेचा मागता आणि गोड नाही म्हणून परत पाठवता. असं एकदाच झालं, म्हणाले. मी म्हटलं, तीनदा. त्यावर ते पुरावा मागायला लागले. खरं सांगते, त्या माणसाचा इतका राग मला आधीही होता, पण तो इतका कामाला कधी आला नव्हता.

शेवटी ते लालेलाल झाले. "तुम्ही कोणाशी बोलताय, कल्पना आहे का?"

"आहे ना. तिला दुसऱ्या फळ्याच्या पुढं जाऊ द्यायचं नाही म्हणणाऱ्याशी."

त्यांची मान हॉलकडं वळली. आतला खडू थांबला होता आणि शेवटच्या फळ्यावर खालपर्यंत लिहिलेलं फटीतूनही दिसत होतं. ते लगबगीनं आत गेले. मग मी गॅस पेटवला.

चहाच्या वेळी त्यांनी तिला गाठून शेवटच्या पायरीबद्दल विचारलं, आणि त्यांनी उत्तर पुरतं ऐकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुढचा प्रश्न आला नाही. अर्धवट असा शेरा मारायला आता जागाच नव्हती. तिला नोकरी मिळाली.

मलाही बक्षीस मिळालं. महिन्याभरात व्हरांड्यात चहाचं मशीन आलं. सेमिनारचा चहा माझ्याकडून काढला, का ते कोणी सांगितलं नाही. त्या मशीनमधून गरम पाण्यात गंज कालवल्यासारखं काहीतरी यायचं, ते सगळे प्यायचे. तीही प्यायची. कोणालाही एका शब्दानं तिनं विचारलं नाही. मला राग आला. तो मी लपवलाही नाही.

पुढं एकदा जेवताना आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "काकू, सर निवृत्त झाले की आपण ते मशीन काढून टाकू."

"मशीन राहू दे," मी म्हटलं. "परवा मी हॉलमध्ये पाणी ठेवायला आले, तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या त्या मुलाला त्यांनी पहिल्याच ओळीला धरला होता. तू तिसऱ्या रांगेत होतीस. काय बोललीस?"

तिनं भाताकडं बघितलं. "मी अजून कायम व्हायचीय, काकू."

"मग जेव," मी म्हटलं आणि न विचारता तिच्या भातावर आमटी ओतली.