श्यामसुंदररावांचा दुसरा दगड

खराडीतल्या आमच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळपर्यंत अशी बातमी पसरली होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामसुंदररावांनी बायकोच्या गाडीच्या ब्रेकची वायर कापली. जेवणं उरकेपर्यंत त्यात पक्कडही आली. खरं म्हणजे त्यांनी वायरला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते गॅलरीत चहा पीत होते, आणि भानगड तिथेच होती.

गाडी म्हणजे सुनीतीबाईंची व्हॅन. आयटी कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली आणि नवऱ्याला शेजारी बसवून महाराष्ट्र पालथा घालायला निघाल्या. श्यामसुंदररावांना गाडी चालवता येत नाही. शनिवार पेठेत त्यांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटर आले आणि ते बसलं. व्हॅनमध्ये त्यांच्याकडे एकच खातं होतं, दगडाचं. घरातला जुना पाटा फुटला होता, त्याचे दोन तुकडे त्यांनी गाडीत ठेवले होते. उतारावर गाडी थांबली की हे खाली उडी मारणार, चाकांना तुकडे टेकवणार आणि खणखणीत आवाजात सांगणार, "लागला!" निघताना, "काढला!" त्याशिवाय सुनीतीबाई गिअरला हात लावायच्या नाहीत. हे खाली काय लावतात, किती लावतात, ते मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

यंदा सुनीतीबाईंचं मनगट धरलं. हँडब्रेक ओढताना डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून दांडा काढून बटणावरचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक बसवायचं ठरलं आणि कात्रजहून जुनेद मेकॅनिक सामान घेऊन आला.

"एक बटण दाबलं की झालं!" सुनीतीबाई पोहे वाढता वाढता म्हणाल्या. "तुमच्या दगडाचं काम संपलं हो आता. तारकर्लीला मी कुसुमलाच घेऊन जाते. तुमचे गुडघेही सुटले."

कुसुम म्हणजे त्यांची धाकटी बहीण. श्यामसुंदररावांचे पोहे बशीतच राहिले. आधी कॉम्प्युटरने दुकान घालवलं, आता बटण गाडीतली जागा घालवायला निघालं होतं.

तेवढ्यात खालून हाक आली, "काका, दांडा काढतोय! उतार आहे, पुढच्या चाकाला दगड लावता का?"

काका खाली गेले, सवयीने दोन्ही चाकांना दगड लावले आणि वर येऊन बसले.

दुपारी काम झालं. जुनेदने समोर दिसला तो दगड बाजूला सारला. सुनीतीबाईंनी ऐटीत बटण दाबलं. ब्रेकचा दिवा विझला, गाडी गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा तेच. जुनेदने फ्यूज पाहिले, वायरी पाहिल्या, लॅपटॉप जोडला.

"मॅडम, लॅपटॉप म्हणतोय ब्रेक सुटलाय."

"मग त्यालाच चालवू दे."

एव्हाना पार्किंगमध्ये सगळे शहाणे गोळा झाले होते. कुणीतरी गॅलरीकडे भुवई उडवली आणि वायरीची गोष्ट जन्माला आली.

सुनीतीबाईंनीही वर पाहिलं. मग त्यांना एकदम जाणवलं, की सकाळपासून काहीतरी ऐकायचं राहिलंय.

"अहो, तुम्ही 'काढला' म्हणालात का?"

"नाही."

"या खाली!"

श्यामसुंदरराव सावकाश उतरले. गाडी आणि भिंतीच्या सांदीत अंग चोरून शिरले आणि पाट्याचा दुसरा तुकडा घेऊन बाहेर आले. "काढला!"

गाडी लोण्यासारखी सरकली. जुनेदने कपाळावर हात मारला. सुनीतीबाईंनी फाटकाशी थांबून शेजारचं दार उघडलं.

"बसा. कुसुमला नेऊ नंतर कधीतरी. आणि ते दोन्ही तुकडे आत घ्या." मग मात्र त्यांना राहवेना. "पण तासभर वरून मजा बघत होतात, एका शब्दाने सांगता आलं नाही?"

श्यामसुंदररावांनी दगड पायाशी ठेवले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सकाळी तूच म्हणालीस ना, दगडाचं काम संपलं. मला वाटलं, त्यालाही कळवलं असशील."