गप्प बसणारी माणसं

ताई गेल्यापासून तिची मुलगी, नववीतली सई, माझ्याकडे असते. इंग्रजीच्या निबंधात ती कवितेचा नुसता सारांश लिहिते, म्हणून तिच्या प्रत्येक विधानाला मी "कशावरून?" असं विचारते.

आज तिने लिहिलं, कवितेतल्या माणसाला दुःख झालेलंच नाही.

"कशावरून?"

"किती बोलतोय बघ ना, मावशी! ज्याला खरंच दुःख होतं, तो गप्प बसतो."

आईविषयी ही पोर अजून चकार शब्द बोललेली नाही, आणि मी समजत होते, सावरली.

कवितेतलं दुःख ओळीवर बोट ठेवून तपासता येतं. समोर बसलेल्या मुलीला पुढचा प्रश्न विचारायला मात्र माझी जीभ रेटेना.

"सई," मी शेवटी म्हटलं, "मीसुद्धा गप्पच आहे गं."

तिने पेन खाली ठेवलं.