जपानहून आलेली सुरी

सांधेवाताने माझी बोटं आखडायला लागली तेव्हा हे नुकतेच निवृत्त झाले होते. भिंगारला लष्कराच्या भांडारात मालाचा हिशेब ठेवण्यात सगळी नोकरी गेली. घरी मात्र पाण्याचा पेलासुद्धा कधी स्वतःच्या हाताने भरून घेतला नाही. मग एका सकाळी दुधी चिरताना माझ्या हातून सुरी निसटली. बोटं मिटेनात. मी ओट्याशी उभी राहून रडले. यांनी सुरी उचलली आणि डाव्या हाताने दुधीच्या ओबडधोबड फोडी केल्या. हे जन्माचे डावखुरे. त्या दिवसापासून चिरणं त्यांच्याकडे आणि फोडणी माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

आमची सुरी बाजारातली, साधीच. टोमॅटोवर ठेवली की टोमॅटो आधी चेपायचा, मग कापला जायचा. सुरुवातीला यांना त्याचं काही वाटलं नाही. पण हातात घेतलेलं काम नीटच झालं पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. दुपारी मोबाईलवर ते भाजी चिरण्याचे व्हिडिओ बघू लागले आणि बघता बघता जपानला पोहोचले. तिथला एक म्हातारा भट्टीतलं लालभडक पोलाद हातोडीने ठोकत होता. शेवटी त्याने कांद्याचा इतका पातळ काप काढला की त्याच्यातून पलीकडचं दिसत होतं. मला मुद्दाम हाक मारून त्यांनी तो काप दाखवला. तेव्हाच मी ओळखलं, आता ही सुरी आपल्या घरात येणार.

मी विरोध करून पाहिला. इतक्या लांबची वस्तू, ती येईल न येईल. आली तर खरी असेल कशावरून, आणि बिघडली तर दाद कोणाकडे मागायची? ते म्हणाले की मी सगळं तपासतोय. आणि खरंच तपासत होते. पोलाद ठोकून उमटते ती लाटांची नक्षी स्वस्तातल्या सुऱ्यांवर नुसती छापलेली असते, महिनाभरात धुऊन जाते, हे त्यांनी लोकांच्या तक्रारी वाचून शोधून काढलं. कारागिराचं नाव एकाचं आणि माल दुसऱ्याच कारखान्याचा, असंही चालतं म्हणे. बरेच दिवस घालवून त्यांनी एक विक्रेता निवडला आणि मोबाईलवरून भाषांतर करून त्याला प्रश्नावर प्रश्न पाठवले. पोलाद कोणतं, मूठ कोणत्या लाकडाची, गंज चढतो का. तो बिचारा प्रत्येकाचं अदबीने उत्तर द्यायचा.

पार्सल निघालं आणि मुंबईला कस्टमच्या तपासणीत अडकलं. हे रोज चहाबरोबर त्याचा ठावठिकाणा बघायचे. तेवढ्यात एक संदेश आला की पार्सल सोडवायचं असेल तर खालच्या लिंकवर पैसे भरा. हे चष्मा लावून कार्ड शोधायला उठले. मी म्हटलं, आधी पोस्टात विचारून या. कुरकुरत गेले. पोस्टातल्या बाईंनी सांगितलं की असे पैसे लिंकवर कोणी मागत नाही, जे काय भरायचं ते पार्सल हातात देताना. घरी आल्यावर त्यांनी तो संदेश पुसून टाकला आणि जेवताना माझ्या पानात न मागता तूप वाढलं.

शेवटी सुरी आली. पातळ लाकडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेली. पोलाद खरं, ठोकल्याच्या खुणा खऱ्या. यांनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली, आणि पहिला कांदा चिरला तो वाकडा. काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. सुरी सरळ खाली उतरायचीच नाही, एका अंगाला वळायची. त्यांना वाटलं, आपलाच हात बसलेला नाही. आठवडाभर आम्ही तिरक्या काकड्या आणि तिरके बटाटे खाल्ले.

मग एका दुपारी खिडकीच्या उजेडात त्यांनी पातं डोळ्यांसमोर धरलं. धार एकाच बाजूने काढलेली होती, दुसरी बाजू सपाट. ती सुरी उजव्या हाताची होती. एवढे प्रश्न विचारले होते, पण हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता, आणि डावखुऱ्याने न विचारता ती घेतली असेल हे विक्रेत्याच्या मनात आलं नव्हतं. यांनी त्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर नम्र होतं. वापरलेली सुरी परत घेता येत नाही, डाव्या हाताची हवी असल्यास कारागीर मुद्दाम घडवून देतो. यांनी सुरी पुसून पेटीत ठेवली, पेटी कपाटावर ठेवली आणि पुन्हा जुन्या सुरीने टोमॅटो चेपायला लागले. मी विषय काढला नाही. आधी विरोध केलेल्या माणसाने तेव्हा गप्पच बसावं.

एकदा ते बँकेत गेले होते आणि घरात कोबी होता. मी स्टुलावर चढले नाही, काठीने पेटी पुढे ओढून खाली घेतली. सुरी कोबीवर टेकवली आणि हलकेच पुढे सरकवली. दाबावं लागलंच नाही. पात्याच्या वजनानेच कोबी चिरत गेला, केसासारखा. माझ्या उजव्या हाताची बोटं मुठीवर नुसती टेकलेली होती. किती दिवसांनी मी एक अख्खी भाजी चिरत होते. परातीत कोबीचा ढीग झाला तरी मला थांबवेना.

हे आले आणि दारातच उभे राहिले.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

पिशवी खांद्याला तशीच ठेवून ते कोबी संपेपर्यंत बघत राहिले.

तेव्हापासून सुरी माझी झाली. तिची उठबस मात्र यांच्याकडे. एकदा लिंबू कापून मी तशीच ठेवली तर पात्यावर तांबूस डाग उठले. आता माझं काम झालं की ते सुरी लगेच पुसतात आणि खोबरेल तेलाचा हात फिरवतात.

पाथर्डीहून माझी नणंद आली तेव्हा एक प्रसंग घडला. तिने गुळाची ढेप आणली होती. मी आंघोळीला गेल्यावर गुळवण्यासाठी खडा फोडायला तिने हाताशी आलेली तीच सुरी घेतली. धारेचा टवका उडाला. मी बाहेर आले तेव्हा ती कानकोंडी होऊन यांच्यासमोर बसली होती.

"दादा, मला वाटलं एवढी भारी सुरी हाय, गूळ तर सहज फुटंल."

यांचा चेहरा मी बघितला. त्यांनी गिळलेला राग मला कळला, तिला नाही. ते म्हणाले की अगं, पोलाद कडक असलं की ठिसूळही असतं, हे मीच कुणाला सांगितलं नाही. मग पाण्यात भिजवलेला धारेचा दगड काढून तिच्याशी पाथर्डीच्या गप्पा मारत पातं घासत बसले. टवका बराचसा गेला, सगळा गेला नाही.

मागे मीच त्यांना म्हटलं, डाव्या हाताची मागवा की, तो घडवून देतो म्हणालाय. लसूण सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "दोघांनी चिरायला एवढी भाजी कुठंय आपल्याकडे?"

सोललेल्या पाकळ्या त्यांनी माझ्या भाजीच्या पाटावर सरकवल्या आणि मी त्या चिरायला घेतल्या.