मंगळवारच्या माहेरवाशिणी

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आत्याला विचारलंत की तू नेमकं काय काम करतेस. तिनं आकडेवारी सुरू केली आणि तुम्ही दोघं जांभया देत पडद्यावरून गायब झालात. दिवाळीत ती तुमच्याकडे येईल तेव्हा खरी गोष्ट सांगेल, आणि तिच्या गोष्टीत सगळी चूक माझी असेल. म्हणून आधी मीच, तुमची आजी, लिहिते. चूक माझीच होती, पण ती कशी झाली हे महत्त्वाचं आहे.

तुमची आत्या अर्थशास्त्रज्ञ आहे. आरोग्याच्या एखाद्या योजनेचा लोकांना खरंच उपयोग होतो का, हे ती आकड्यांतून शोधते. पीएच.डी.साठी तिनं हसनाबादच्या पलीकडची दोन शेजारची गावं घेतली, एक टेकाडावरचं आणि एक ओढ्याकाठचं. आम्ही त्यांना वरचं आणि खालचं म्हणायचो. चिठ्ठी टाकली, वरचं निघालं. तिथं दर मंगळवारी बायकांचं बीपी तपासायचं, लागतील त्यांना डॉक्टरांकडून गोळ्या, सगळ्यांना कमी मिठाचा सल्ला. खालच्या गावात वर्षभर काही नाही. सुरुवातीला दोन्हीकडे मोजून ठेवलं होतं, वर्ष संपल्यावर पुन्हा दोन्हीकडे मोजायचं. फरक दिसला तर तपासणी दोन्ही गावांत चालू राहणार, नाही दिसला तर बंद.

मी तेव्हा शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. बदनापूरहून आत्याबरोबर जीपनं जायचे आणि रजिस्टर लिहायचे. जन्मभर हजेरी घेतलेली बाई मी, एक खाडाखोड नाही. नाव, वय, घर कुणाचं. घर त्याच गावातलं आहे ना, हेही बघून घ्यायचे. गर्दी इतकी व्हायची की आत्या खूश.

वर्ष संपलं. वरच्या गावातलं बीपी छान उतरलं होतं. मग आत्या एकटी खालच्या गावात जाऊन आली आणि न जेवता बसून राहिली. तिथलंही जवळजवळ तितकंच उतरलेलं. म्हणजे आमच्या मंगळवारांनी काहीच साधलं नव्हतं. प्रबंध तर बुडालाच, तपासणीही बंद होणार होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर खालच्या गावात गेले, पहिल्यांदाच. पहिली बाई खुर्चीवर बसली, कुणी न सांगता तिनं बांगड्या वर सरकवल्या, पावलं जमिनीला टेकवली आणि तोंड मिटून घेतलं. दुसरीनंही तेच केलं. तिसरी जरा ठसठशीत होती. तिनं मशीन निरखलं आणि मला म्हणाली, "बाई, मशीन बदललं का? मंगळवारचं काळं व्हतं."

"कुठल्या मंगळवारचं?"

"आता बघा. तुमीच तर नाव लिहून राह्यल्या व्हत्या. माझ्या भावाच्या घरचं."

आत्याच्या हातातला पट्टा हातातच राहिला. "पण मावशी, तुमचं गाव तर हे आहे ना?"

"हे सासर हाय, पोरी. गाव तिकडंच. दवाखान्याला जाते म्हणलं की सासू बी अडवत न्हाई, मंग भावजयीच्या हातचा चहा पिऊन यायचं."

"चहा कमी, भावजयीच्या चुगल्याच जास्ती," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खी रांग खिदळली.

आपल्याकडे माहेरी आलेली लेक त्या गावाचीच धरतात. मीही तशीच धरली. रोज रात्री ती कुठल्या गावात झोपते, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. परतताना जीपमध्ये आत्या आधी रडली, मग माझ्याकडे बघून हसायला लागली. मग मीही. थांबताच येईना. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारलं.

हसनाबादच्या स्टँडवर चहा घेताना आत्या एकदम उभी राहिली. "आई, या बायकांचं माहेर कुठलं असावं, हे कुणी ठरवलं?"

"त्यांच्या नशिबानं. आणि त्यांना खालच्या गावात कुणी दिलं? बापानं."

"मग आपली चिठ्ठी चुकली तरी बापांनी टाकलेली चिठ्ठी आहेच की!"

तिचं म्हणणं साधं होतं. खालच्या गावातल्या काही सुना वरच्या गावच्या, काही लांबच्या अंबडकडच्या, ज्या आमच्या मंगळवारांना कधी आल्याच नव्हत्या. पाणी तेच, मीठ तेच, शेतातलं काम तेच. मुलगी देताना कुणी बीपीचं मशीन बघून दिली नव्हती. मग या दोन तऱ्हेच्या सुनांचीच तुलना करायची. पुढचे चार दिवस आम्ही घरोघर एकच प्रश्न विचारला, माहेर कुठलं? एकीनंही कंटाळा केला नाही. एकेक उत्तर अर्धा अर्धा तास चाललं आणि मी इतके चहा प्यायले की माझंच बीपी बघावं लागलं.

वरच्या गावच्या लेकींचं बीपी खरंच उतरलेलं निघालं, अंबडकडच्यांचं होतं तिथंच. परीक्षकांनी आत्याला पुष्कळ छळलं, पण शेवटी मानलं.

तपासणी आता दोन्ही गावांत दर मंगळवारी होते. खालच्या गावातल्या बऱ्याच बायका अजूनही वरच्याच गावात जातात.