आमच्या टिकाऊ तंबूचा मोफत कॅम्प

चहा आधी पिऊन घ्या, मग ऐका. कारण मधेच कप हातात राहील आणि चहा गार होईल. माझा तिथं झाला होता.

माझं सांगलीत शेतीच्या पाइपांचं दुकान. पन्नाशी उलटली तशी मला मोटारसायकलवरून फिरायची हौस आली. लॉजमध्ये राहायचं नाही, उघड्यावर तंबू टाकायचा, सकाळी डोंगर बघत उठायचं. मोबाइलवर लोक करतात ते बघून बघून डोक्यात बसलं. जोडीला बाबगोंडा मिळाला. आमचा शाळेपासूनचा दोस्त, चांगला ऊस पिकवणारा जैन शेतकरी. फिरायचं म्हटलं की हा कधीही तयार. फक्त गाडी मी चालवायची, हा मागे बसणार.

पहिला तंबू ऑनलाइन मागवला. पिशवीत मावणारा, हातात धरला तर छत्रीएवढा. बघायचं म्हणून गच्चीवर लावला आणि चहा आणायला खाली गेलो. वर येतो तर तंबू नाही. तो शेजारच्यांच्या टाकीला मिठी मारून बसला होता. काड्या मोडलेल्या, शिवण उसवलेली.

नेमका त्याच दिवशी मेहुणा आला. वडूजचा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. त्यानं ते कापड दोन बोटांत धरलं.

"दाजी, ही मच्छरदाणी कशाला आणली?"

"तंबू आहे तो. टिकाऊ म्हणून लिहिलं होतं."

"लिहायला काय जातंय? आमी लडाखला असला लावला असता तर सकाळी चीनमधनं मागून आणावा लागला असता."

झालं. पुढचं सगळं सुभेदारानं हातात घेतलं. साताऱ्यात त्याच्या ओळखीचा ताडपत्री शिवणारा होता, त्याच्याकडे जाड पांढरं कॅनव्हास दिलं. दुहेरी शिवण. खांबांना मी दुकानातलेच लोखंडी पाइप कापून दिले. मेखा तर वीतभर नाही, हातभर. आणि जिथं कापडावर ताण येतो तिथं वरून जाड पट्टी शिवायची, एक उभी, एक आडवी, म्हणजे फाटायचं नाव नाही. शिवणाऱ्याकडे तेव्हा लाल पट्टी होती. मी म्हटलं, लाल तर लाल. रंगाकडे कोण बघतंय?

तंबू असा झाला की मागे बांधला की गाडीचं पुढचं चाक हलकं व्हायचं. बाबगोंडा कसाबसा मधे घुसून बसला. सुभेदार म्हणाला, "आता भूकंप झाला तरी ह्यो हलायचा न्हाई." ते मात्र खरं निघालं.

निघालो. कराड, सातारा करत वाई ओलांडली आणि धरणाच्या पाण्याकडेला एका छोट्या गावाबाहेर माळ बघून थांबलो. समोर निळं पाणी, पलीकडे डोंगर, ऊन उतरलेलं. तंबू ठोकून घामाघूम होऊन बसलो, तोवर गावातले एक म्हातारबा काठी टेकत आले. तंबूभोवती एक चक्कर मारली.

"पाव्हणं, कसलं काम काढलंय?"

"काम नाही आजोबा, कॅम्प आहे आमचा. उद्याचा दिवस."

"बरं बरं. पैसं किती?"

"पैसे कसले? सगळं मोफत."

मला वाटलं, जागेचं भाडं विचारतायत. म्हातारबा जरा जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "डोळ्याचं हुईल का?"

आता बाबगोंडा त्या पाण्याकडे टक लावून बसला होता. तो तिकडेच बघत म्हणाला, "आवं आजोबा, डोळ्यांचं तर पारणं फिटलं बघा."

म्हातारबांनी हात जोडले आणि निघून गेले. मी बाबगोंडाला म्हटलं, काय अदब आहे बघ इकडच्या माणसांना.

तासाभरात गावातून भाकरी, पिठलं, ठेचा आणि तांब्याभर दूध आलं. आणून देणाऱ्या बाई म्हणाल्या, "पोटभर जेवा, उद्या लय काम हाय तुमास्नी." मी समजलो, गाडी चालवायचं काम म्हणतायत. चार-पाच माणसं येऊन तंबूला हात लावून गेली. मी त्यांना शिवण दाखवली, पाइप दाखवले, कापडाची जाडी सांगितली. सगळे मन लावून ऐकत होते. एकानं तर विचारलं, "आत अंधार पडतो का नीट?" मी अभिमानानं म्हटलं, "बाहेरचा उजेड थेंबभर येत नाही." ते एकमेकांकडे बघून खूश झाले. तंबूची एवढी पारख असलेलं गाव मी पहिल्यांदा बघत होतो.

सकाळी कुजबुजीनं जाग आली. पडदा वर केला. समोर अख्खा माळ भरला होता. म्हाताऱ्या, म्हातारे, कुणी टॉवेल घेतलेला, कुणी जुना चष्मा दोऱ्यानं बांधलेला. वरच्या वाडीच्या दोन आज्या तर टेम्पोतून आल्या होत्या. रांगेत सगळ्यात पुढे कालचे म्हातारबा.

"चला डागदर," ते म्हणाले, "कवाधरनं बसलोय."

मी पडदा खाली सोडला. बाबगोंडा चहाचं भांडं धरून बसला होता.

"बाबू, बाहेर लोक आपल्याला डॉक्टर समजतायत."

"कशावरनं?"

मी त्याला मागच्या चिरीतून बाहेर नेलं आणि तंबू दाखवला. पांढराशुभ्र तंबू आणि दाराच्या वर, दोन्ही बाजूंना, पाठीमागे, ठसठशीत लाल अधिकचं चिन्ह. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, बरं का.

"गाडी काढ," बाबगोंडा म्हणाला. "आपण जाऊ."

पण तंबू टाकून कसं जायचं? मेख उपटायला गेलो तर ती तसूभर हलेना. मी ओढतोय, बाबगोंडा ओढतोय, आणि मागून म्हातारबा विचारतायत, "मशीन बशिवताय व्हय?"

शेवटी पुढे गेलो आणि खरं सांगितलं. की आम्ही डॉक्टर नाही, फिरायला आलोय, कॅम्प म्हणजे नुसतं राहणं.

कुणी हसलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. तेच जास्त लागलं. म्हातारबांनी काठीनं दारावर दाखवलं. "मग ह्ये लाल काय?"

"ते... फाटू नये म्हणून."

टेम्पोतून आलेल्या एका आजीला शेजारणीनं कानात सांगितलं. ती म्हणाली, "मी काल रातीपासनं उपाशी हाय. मागच्या डोळ्याच्या क्याम्पाला असंच उपाशी यायला सांगितलं हुतं." मग कळलं, निम्मी रांग उपाशी होती. त्यातल्या काहींना साखरेचा आजार. इथं कुणी चक्कर येऊन पडलं तर काय करायचं?

पिठलं आणणाऱ्या बाईंना म्हटलं, आधी सगळ्यांना खाऊ घाला, मी आलोच. वाईत माझ्या एका गिऱ्हाइकाची सून डोळ्यांची डॉक्टर होती. गाडीला किक मारली. गावकऱ्यांनी बाबगोंडाला मात्र ठेवून घेतलं. तारण म्हणून.

डॉक्टरीणबाईंचा रविवार होता. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि शेवटी त्यांनी पिशवी उचलली. त्यांच्या मोटारीमागून मी परत आलो तेव्हा बाबगोंडा म्हाताऱ्यांना भाकरी वाढत होता.

बाईंनी तंबूत डोकं घातलं. म्हणाल्या, "अंधार छान आहे." आणि तिथंच स्टूल टाकून बसल्या. दुपार कलेपर्यंत बॅटरी घेऊन एकेकाचे डोळे बघितले. कुणाला थेंब दिले, कुणाला ऑपरेशनसाठी वाईला बोलावलं. उपाशी आजीचं ऑपरेशन त्यांनी बिनपैशाचं करायचं कबूल केलं. मला जरा बरं वाटायला लागलं. म्हटलं, चला, शेवट तरी गोड झाला.

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाईंकडे गेलो आणि तो स्टुलाशेजारी हवेत ठेवला. ग्लास खाली, पाणी त्यांच्या पायावर.

आजी म्हणाली, "ह्या बाबाचंबी बघा की. सकाळी मला 'आजोबा' म्हणून हाक मारली ह्यानं."

बाईंनी मला बसवलं, बॅटरी मारली. एक डोळा बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला. मग बॅटरी बंद केली.

"दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. चांगला वाढलेला. सांगलीपासून गाडी कोण चालवत आलं?"

मी हात वर केला. बाबगोंडा दारात उभा होता. तो खाली बसला.

"दोस्ता," तो मला अगदी हळू आवाजात म्हणाला, "कराडच्या पुढं तू त्या उसाच्या ट्रॉलीला चिकटून गाडी काढलीस. मी मागं बसून म्हणत हुतो, काय काळीज हाय गड्याचं. तुला ती ट्रॉली दिसतच न्हवती व्हय रं?"

"दिसत होती की," मी म्हटलं. "मला ते झाड वाटलं."